बाबांची उलटी पाटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अक्षरशः घे. काल सकाळभर मी जमिनीवर पालथा पडून प्रिंटरच्या पोटातून चिंधी ओढत होतो.) तुझी कंबर कशी आहे? माझी विचारू नकोस. आई ठणठणीत आहे. तुझी भावजय माझ्याशी बोलते, पण इस्त्रीचा विषय निघाला की थांबते.

त्याचं असं झालं. बाबा गेल्यापासून आईने शिवणयंत्राला हात लावला नाही, हे तुला ठाऊकच आहे. जिने बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून तीस वर्षं लोकांची यंत्रं चालवून पाहिली, तिने स्वतःच्या यंत्रावर कुंडी ठेवली. मला ते बघवेना. म्हटलं, तिच्या पंचाहत्तरीला घरातले फोटो कापडावर छापावेत आणि तुकडे तिच्यापुढे टाकावेत. गोधडी शिवल्याशिवाय तिला राहवायचं नाही. कल्पना झकास होती, फक्त ती मला सुचायला नको होती.

आधी मी छाप उठवायचा कागद आणला. त्यावर फोटो उलटा छापायचा, म्हणजे इस्त्रीने कापडावर सुलटा उठतो. उठला, पण तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ! अशा गोधडीत माणूस झोपला असता तर उठताना कडकड वाजला असता. मग दुकानदार म्हणाला, मेणकागदावर कापड इस्त्रीने चिकटवा आणि थेट प्रिंटरलाच भरवा. मी मेणाची बाजू कापडाऐवजी इस्त्रीकडे ठेवली आणि इस्त्रीच कागदाला चिकटली. (म्हणून तो विषय नको.) पुढच्या तुकड्याचे दोरे प्रिंटरने गिळले. तरी हरलो नाही. कडा नीट कापल्या, आणि आठच्या आठ फोटो असे उतरले की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. (कंबर तेव्हाच गेली.)

आठवा फोटो बाबांचा. दुकानासमोर उभे, हाताची घडी, डोक्याच्या वर दुकानाच्या नावाची पाटी. आणि पाटीवरचं प्रत्येक अक्षर उलटं! प्रिंटरमधली ‘उलटं छापा’ ही खूण काढायचीच मी विसरलो होतो. आठही फोटोंत सगळं घर डावखुरं झालं होतं. शाई संपलेली, कापड संपलेलं, आणि आई दारात.

तिने बाबांचा तुकडा उचलला, खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. मी चूक कबूल करायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “बरोबर आहे की रे. काचेवर रंगवलेली पाटी ती. मी आत बसायचे, मला अशीच दिसायची. तीस वर्षं मी ती उलटीच वाचली.” मग तिने कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि तेलाची बाटली मागितली. ताई, मी कुंडी धरून ढसाढसा रडलो आणि हसलोही. संध्याकाळपर्यंत चार तुकडे जोडून झाले. घरात पुन्हा यंत्राची घरघर आहे, आणि आई मला माझे टाके कसे वाकडे जातात ते ऐकवते आहे. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

भावोजींना नमस्कार, भाच्यांना पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. – तू ‘जपून ठेव’ म्हणून दिलेली पांढरी चादर जपूनच आहे, तुकड्यातुकड्यांत. अस्तराला कापड कमी पडतंय. तिच्या जोडीची दुसरी तुझ्याकडेच आहे ना? येताना घेऊन ये, आणि रागावलीस तरी ये.

आणखी एक – तू मोठी, तुला नक्की आठवत असेल. पाटी पत्र्याची होती ना गं? रंगाऱ्याची शिडी मीच धरली होती. आणि दुकानाला फळ्यांचं दार होतं, काच कधी नव्हतीच. आईला मात्र यातलं काही विचारू नकोस.