खाजकुयलीचं चूर्ण

६ जानेवारी

पितळी दांड्याचा चमचा — मुद्दाम जड, हात थरथरला तरी सांडू नये म्हणून. उंच काठाची ताटली. पलंगाला धरून उठायची कडी. आणि आज खाजकुयलीचं चूर्ण. सगळं माझ्या हातचं! गावाहून शेंगा आल्या. बिया दुधात उकडल्या, सोलल्या, सावलीत वाळवल्या, दळून वस्त्रगाळ केल्या. शेंगांची खाजरी लव दंडाला लागली, खाजवून हैराण. प्रभा म्हणाली, "अहो, पार्किन्सन मला नि नाचताय तुम्ही!"

किती महिन्यांनी हसली.

९ जानेवारी

नववी नापास माणूस डिक्शनरी घेऊन शोधनिबंध वाचतोय. मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात, म्हणून हा कंप. या बिया त्या पेशी वाचवू शकतात, असं लिहिलंय. उंदरांत. पण लिहिलंय!

२१ जानेवारी

ब्लाउजचे हुक तिने स्वतः लावले. शेजारची माधुरी ओरडलीच, "झकास, काकी! काका, आता दारावर डॉक्टरची पाटी लावा."

मी नको म्हटलं नाही.

२ मार्च

प्रभाची मान, खांदे आपोआप वळवळतात. बसल्या जागी. झोपेपर्यंत थांबत नाहीत.

४ मार्च

चूर्णाचं डॉक्टरांना आज सांगितलं. चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या गोळीत जे आहे तेच त्या बियांत आहे. डोस जास्त झाला."

"आणि पेशी?"

"कमी पडलेलं रसायन तेवढं भरून निघतं. पेशी मरतातच. त्या नक्की वाचवेल असं औषध अजून माझ्याकडेही नाही."

म्हणजे एवढे दिवस आत सगळं चालूच होतं.

५ मार्च

चूर्ण बंद. प्रभा म्हणाली, "हुक लागले होते ना पण."

२८ जून

पाणीसुद्धा तिच्या घशात अडकतं. चमच्याने थेंब थेंब.

१९ ऑगस्ट

माधुरीने पसरवलेली बातमी फिरत फिरत माहुलला पोचलेली. तिथला काशीराम कोळी आला, पिशवी पोटाशी धरून. "माझ्या बायकोचा नुसता अंगठा हलतोय, दादा. तिच्या पेशी अजून वाचतील ना? तुमच्या मिसेस बऱ्या झाल्या म्हणे."

सोमवारी प्रभाचं तेरावं झालं, म्हटलं.

तो उठला नाही. "तरी द्या," म्हणाला.

डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. चूर्ण दिलं नाही. पिशवीतले पैसे त्याने होडी विकून आणले होते. एक लाख ऐंशी हजार.