ताईचा दुसरा बाप्तिस्मा

२६ मार्च, बुध.
महिला मंडळात पौलाची पत्रं सुरू केली. आधी इफिसकरांस लिहिलेलं. शिकवते मीच, बाकीच्यांना वाचायचा कंटाळा. कृपा म्हणजे काय, विचारलं. एक म्हणाली, "पोरगा पास झाला, हीच कृपा." तो पास झाला ही तपासणाऱ्याची चूक. पुढे ख्रिस्तानं माणसांमधली भिंत पाडली हे समजावत होते, तर पंख्याखालच्या जागेवरून दोघी जुंपल्या. चहा मात्र सगळ्या एकदिलानं प्यायल्या.

३० मार्च, रवि.
पुढच्या रविवारी प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर. शनिवारी तयारीची सभा. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्यानं आधी समेट करावा, मगच भाकरीला हात लावावा. जुनीच रीत. पाळकांनी सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात आमच्या मंडळीचा हात कोणी धरणार नाही.

रविवारचं वाचन माझ्याकडे. तेच पत्र. एक शरीर, एक विश्वास, एक बाप्तिस्मा.

एक! हे ताईनं ऐकायला हवं. आईनं मांडीवर असताना दिलेला तिला पुरला नाही. कामठीच्या नव्या मंडळीत गेली आणि साठी उलटल्यावर खाप्याला कन्हान नदीत बुडी मारून नव्यानं विश्वासी झाली. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणजे आईचा विश्वास खोटा? तेव्हापासून मी बोलत नाही. बोलणारही नाही.

२ एप्रिल, बुध.
ताईचा फोन. चुकून उचलला. "शनिवारी येऊन राहिली मी. मुक्कामाले." विचारलं नाही, सांगितलं. सगळं कन्हानमध्ये बुडालं, थोरलेपणा तेवढा तरंगतोय.

५ एप्रिल, शनि.
तयारीची सभा. काय तमाशा! पाळक म्हणाले, उठा, ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडे जा. सगळे उठले आणि ज्याच्याशी कधी भांडण नव्हतं त्यालाच गाठून माफी मागू लागले. साळवे, आमचे सेक्रेटरी, सख्ख्या भावाला ओलांडून माझ्यापाशी आले. "बाई, काही चुकलं असन तं माफ करा." भाऊ छताकडे बघत बसलेला. पंख्यावाल्या दोघी एकमेकींना सोडून पाळकांच्या बायकोच्या गळ्यात. पौलानं हे पत्र तुरुंगातून लिहिलं. आम्हाला बघून म्हणाला असता, राहू द्या, मी आतच बरा.

घरी आले तर ताई पायरीवर.
"मी तुले माफ केलं वं, शालू."
"मी मागितली होती काय?"
"नाही ना. म्हणून तं आली."

डोकंच फिरलं. इतकी वर्षं शिकवते, कृपा न मागता मिळते, लायकी न बघता. ती कोणी अशी माझ्याच दारात आणून टाकेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "आईनं देल्लं तुले काहून पुरलं नाही?"
"पुरलं वं. पण मले त्यातलं काही आठवतच नव्हतं. आई गेली, तं वाटलं एकदा आपल्या तोंडानं हो म्हणावं."

 भात टाकला, दोघींचा. जेवताना म्हणाली, उद्या तुह्याजवळ बसीन, तुमच्यातच भाकर घेईन.

साळवेंना फोन करून विचारलं, ताईला भाकर मिळेल ना. उत्तर लगेच तयार. "ताईले नाही देता येत. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला तं भाकर नाही, कमिटीचा ठराव हाय. तुम्हीच तं मांडला होता, बाई." मांडला होता. तेव्हा बरोबरच होता. पण भावाशी न बोलणाऱ्यानं तो मला ऐकवावा?
नंतर लक्षात आलं, मी तरी कुठे बोलत होते.

६ एप्रिल, रवि., सकाळ
ताई केव्हाची न्हाऊन तयार. माझ्या आरशापुढे, माझीच पावडर.

पुढचं दिसतंच आहे. साळवे ताट तिच्या पुढून तसंच नेतील. पाळक जमिनीकडे बघतील, त्या माणसाला कणा नाही. आणि त्याआधी मी उभी राहून 'एक बाप्तिस्मा' वाचणार, खणखणीत आवाजात, म्हणून तर वाचन मला देतात.

आताच विचारलं तिनं, "मले देतीन ना वं तुमच्या इथं?"
म्हटलं, "आधी निऱ्या नीट कर. येडी दिसून राहिली."

ठरावाचं तिला सांगितलेलं नाही. तोंडच उघडेना. आमच्यात भाकरीचा तुकडा देतात नखाएवढा. त्याचे दोघींसाठी दोन होतात का, कोणी करून पाहिलेलं नाही.

ऑटो आला.