चौदा कार्डांवरची सही

९ मार्च, सोमवार

आज मृणालच्या टेबलाशी बसून चौदा कार्डं लिहिली. पेनसुद्धा तिचंच!

काम खरं तर वेगळं होतं. मृणालचं ऑफिस म्हणजे सरकारी इमारतीचा तिसरा मजला, तिथले आग विझवायचे चौदा सिलिंडर. एकेक भिंतीवरून उतरवायचा, वजन करायचं, हलका निघाला तर फ्रीगंजला आमच्या दुकानात नेऊन भरायचा. मग तारखेचं कार्ड अडकवायचं. या सिलिंडरना प्रेशरचा काटा नसतो, वजनाशिवाय काही कळत नाही. पण वजनकाटा मी स्कूटरवरून उतरवलाच नाही. ती म्हणाली, "बसा न, उभ्याउभ्या काय लिहिता." बसलो. चौदाही कार्डांवर 'वजन बरोबर' आणि खाली माझी सही. कॉलेज सोडलं तोवर इतक्या छान अक्षरात मी एकही पेपर लिहिला नव्हता.

'काम समाधानकारक' या पावतीवर साहेबांची सही लागते. साहेब जागेवर नव्हते. तिनेच केली. "साहेब म्हणतात, तुम ही कर दिया करो."

चहा पण पाजला. वेलची होती.

१० मार्च

मालक भय्यासाहेबांनी दुकानात विचारलं, किती हलके निघाले? म्हटलं, एकही नाही. "कमाल आहे. मागच्या वर्षी पाच निघाले होते." आणि पेपर वाचायला लागले.

१७ मार्च, मंगळवार

आधी हेच लिहितो — ती ठीक आहे. सगळे ठीक आहेत.

दुपारी दुकानात फोन आला, तिसऱ्या मजल्यावर आग. स्कूटर कशी चालवली, माहीत नाही. घड्याळाच्या टॉवरपाशी कोणीतरी शिवी दिली. पहिल्यांदाच मी थांबून परत दिली नाही.

ती फाटकाजवळ लिंबाखाली उभी होती. तोंड काळं, हातात टिफिनचा डबा! आग लागल्यावर डबा घेऊन उतरली! मला हसू आलं आणि स्कूटर स्टँडवर लावायचीच राहिली, आडवी पडली.

झालं असं — फाइलींच्या खोलीतला एसी पेटला. प्रभाकर चपराशाने भिंतीवरचा सिलिंडर ओढला, पिन काढली, दाबला. काहीच नाही. दुसरा घेतला. तो नुसता फुस्स. मृणालने मेन स्विच पाडला. मग जिन्यातल्या लाल बादल्या आणल्या, रेतीच्या, ज्यांच्यात सगळं ऑफिस पान थुंकतं. त्या थुंकलेल्या रेतीने आग विझली. प्रभाकरची अर्धी मिशी गेली. "मूँछ का क्या है भिया, फिर आ जाएगी. जान थोड़ी आती."

मृणाल एवढंच म्हणाली, "दोन्ही रिकामे होते, अनिकेत."

आजवर नुसतं 'अहो' होतं. नाव पहिल्यांदा घेतलं. आणि मी गाढव, आधी त्याचाच आनंद झाला.

१८ मार्च

चहाच्या ठेल्यावर एक जण सांगत होता, "सिलिंडरवाले ने ख़ाली डिब्बे टाँग दिए. चोर है साला." मी त्याची कॉलर धरली. चोर कोणाला म्हणतोस! लोकांनी ओढून काढलं. माझ्या शर्टाची दोन बटणं गेली.

मग स्कूटरवर बसलो, चावी लावली आणि लक्षात आलं, तो बरोबर बोलत होता.

आईने बटणं लावून दिली. "कोणाशी?" म्हणाली. 'का' नाही विचारलं. सवय झाली आहे तिला.

२० मार्च

पेपरात आलं — शॉर्ट सर्किट. कोणी जखमी नाही. चौकशी होईल. सिलिंडरबद्दल एक अक्षर नाही!

तीन दिवसांनी नीट जेवलो. संध्याकाळी राम घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसलो. एक पंडे येऊन विचारू लागले, "घर में कोई गया क्या बेटा?" म्हटलं, नहीं महाराज, सब बच गए.

"तो मुँह ऐसा क्यों?"

उठून आलो. पण सुटलो, हे खरं आहे. सुटलो.

२३ मार्च, सोमवार

नाही सुटलो.

प्रभाकर दुकानात आला. मृणालला नोटीस. पावतीवर सही तिची आहे न. साहेब म्हणतात, मेरे सामने तो काग़ज़ आया ही नहीं. ठेक्यावरची नोकरी तिची, एका कागदाने जाते.

प्रभाकर गेल्यावर भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. मी तयार होतो, मला ओरडणाऱ्यांशी जमतं. ते ओरडले नाहीत.

"वजनकाटा कुठे होता?"

"स्कूटरवर."

"वीस वर्षं त्या इमारतीत जातोय मी," म्हणाले. पेपरची घडी घालून ठेवली. मग — "उद्या चौकशीत हे सगळं लिहून दे. दुकानाचं काय होईल ते बघू."

आत्ता चार ओळींचा कागद लिहून ठेवलाय. भीती वाटायला पाहिजे. उलट आठवड्यात पहिल्यांदा छाती मोकळी वाटतेय.

२४ मार्च

चौकशीच्या अधिकाऱ्यांना कागद दिला. त्यांनी वाचला, फाइलीतून दुसरा काढून शेजारी ठेवला. मृणालचा. तारीख अठरा. नोटीस निघायच्या किती आधी! 'अनिकेत यांनी एकही सिलिंडर उतरवला नाही. मी समोर बसून पाहत होते. तरी सही केली.'

ते म्हणाले, "तुम्हारा नोटिस भी आज निकल रहा था. अच्छा हुआ, ख़ुद आ गए."

मी तिची ओळ परत वाचत होतो. पाहत होते.

"मैंने पूछा था उनसे," ते चष्मा पुसत म्हणाले, "देख रही थीं तो टोका क्यों नहीं. बोलीं — टोकती तो वो उठकर चले जाते."