नदीत न टाकलेली पन्नी

आई, नाग नदीतून निर्माल्याची प्लास्टिकची पन्नी निघाली की मी आधी तिची गाठ बघते. तू दोन गाठी मारायचीस. देवाची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, म्हणून. मग मला हाक, "जा वं, पुलावरून टाकून ये." एकदा कंटाळा केला आणि इतवारीतल्या कचराकुंडीत टाकून आले, तर तू हाताला धरून परत नेलंस. "देवाचं आहे ते, कचऱ्यात काहून टाकलं?" मी रडत रडत कुंडीत वाकलेय आणि तू शेजारी उभी. त्यानंतर कधी चुकले नाही. वर्षानुवर्षं पन्नीसकट, नेम धरून, थेट मधल्या धारेत.

आता दर रविवारी वीसेक माणसं जमवून त्याच पुलाखाली नदी साफ करायला उतरते. सगळ्यांवर खेकसते, जीभ अजून तशीच तिखट आहे, बाप्पा. पन्नी फोडायची, फुलं खताच्या खड्ड्यात, पन्नी वेगळ्या पोत्यात. मागे धरमपेठेतले एक रिटायर्ड साहेब नाक दाबून म्हणाले, "कोण अडाणी बायका टाकतात हो हे?" सगळे हसले. मीही हसले वं. घरी येऊन जेवण गेलं नाही, इतकी स्वतःची लाज वाटली.

आज सकाळी एक बाई पुलाच्या कठड्याशी आली. हातात पन्नी, तिला दोन गाठी. साहेब खालून ओरडले, "ओ बाई, लाज नाही वाटत?" ती बिचारी जागीच थिजली. "देवाचं आहे जी, मंग कुठं टाकू?" मी चिखलाच्या बुटांनी धावत वर गेले, हातमोजे काढले आणि दोन्ही हात पुढे केले. "मले द्या. पायाखाली नाही येऊ देत." तिनं पन्नीला नमस्कार करून ती माझ्या हातात दिली. खाली येऊन साहेबांना सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही अडाणी म्हणालात ना, ती माझी आई. आणि टाकणारी मी." थोड्या वेळानं त्यांनीच खड्ड्याजवळ बसून त्या बाईची फुलं हातानं मोकळी केली.

एवढं सगळं करून आले खरी, पण तुझ्या तिथीला फोटोला घातलेला हार अजून पन्नीत, गाडीच्या डिक्कीत आहे. नदीत टाकता येत नाही आणि खड्ड्यात टाकवत नाही. हे पत्रही त्याच पन्नीत ठेवतेय. गाठी दोनच मारल्यात.