माळ्यावरचे दोन झरोके

॥ श्री ॥
धुळे, दि. ६ मार्च १९९१

ती. अक्का हिस अभिमनचा सा. न. वि. वि.

आबा सुखरूप पोचले. एसटीत त्यांनी मला दोनदा विचारलं की भिकन मिस्त्री कामाला लागला असेल ना. मी म्हटलं, आबा, आपण अजून अमळनेरही सोडलेलं नाही. इथे गॅलरीच्या दाराशी त्यांची खाट टाकली आहे. लता भाकरी करून वाढते, पण बिचारीला तुझ्यासारखी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर जमत नाही. आबा मुकाट्याने खातात आणि तुझं नाव काढतात.

डॉक्टरांनी तपासलं. दमा जुनाच आहे, पण धाब्याच्या छपराची माती रोज अंगावर झडत राहिली तर कुठलंच औषध लागू पडायचं नाही, असं म्हणाले. तेव्हा धाबं काढून पत्रे टाकायचं आपण ठरवलं ते बरंच झालं. आबांचा निरोप नीट वाच. पत्र्याखाली लाकडी माळा हवा आणि माळ्याच्या दोन्ही अंगांच्या भिंतींत झरोका हवा. मावळतीकडचा खाली, उगवतीकडचा थेट आढ्याजवळ. नाहीतर पत्र्याची धग माळ्यावर कोंडेल आणि खाली उतरेल. रोज सकाळी तेच सांगतात, वारा जावाले वाट ठेव.

काम उरकलं की लगेच त्यांना घेऊन येतो. जिवाला जप.

तुझा अभिमन

॥ श्री ॥
पिंपळगव्हाण, ता. अमळनेर
दि. २२ मार्च १९९१

चि. अभिमन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. लतास आशीर्वाद. ती. आबांना दंडवत.

धाबं उतरवलं. अंगणात खाऱ्या मातीचा एवढा ढीग झाला आहे की समोरचं दार दिसत नाही. मधल्या घरात उभं राहिलं की वर नुसतं आभाळ. आईची खाट असायची त्या कोपऱ्यात ऊन पडलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मग भिकनने चहा मागितला. तो माणूस लाकडापेक्षा चहाच जास्त कापतो.

जळगावहून पत्रे आले. माळ्याच्या फळ्या रंधून तयार आहेत. मी सध्या गोठ्यालगतच्या पडवीत निजते. लहानपणी तू मला फौजदारीण म्हणायचास. आता भिकनची बायकोही तेच म्हणते.

एक लक्षात ठेव. यंदा वैशाखात धोंड्याचा अधिक महिना आला आहे. त्या महिन्यात नव्या छपराखाली पाऊल टाकायचं नाही, असं भटजींनी बजावलं आहे. त्याच्या आत सगळं उरकायचं म्हणून मी भिकनच्या मानगुटीवर बसले आहे. आबांना सांग, आठवण येते.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठवीत जा.

तुझी अक्का

॥ श्री ॥
धुळे, दि. ६ एप्रिल १९९१

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

पत्रामागून आलेलं तुझं कार्ड आबांना वाचून दाखवलं आणि पंचाईत झाली. भिकनने दोन्ही झरोके सारख्याच उंचीवर ठेवले, असं तू सहज लिहिलंस. आबांनी ताट सारलं. म्हणाले, वारा एकातून येईल, दुसऱ्यातून जाईल आणि आढ्याखालची धग आहे तिथेच राहील. मी म्हटलं, असू द्या आबा, थोडं इकडेतिकडे चालतं. त्यांनी ताट काही परत ओढलं नाही आणि माझीच मला लाज वाटली. मी शाळेत पोरांना हेच शिकवतो, गरम हवा वर चढते म्हणून.

धोंडा तोंडावर आला आहे, हे मला समजतं. पण त्यांचं मन त्या भिंतीत अडकलं आहे. उगवतीचा झरोका फोडून वर घ्यायला सांग. उन्हाळा इथेही कडक आहे आणि त्यांचा दम वाढला आहे.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा अभिमन

॥ श्री ॥
पिंपळगव्हाण, दि. १८ एप्रिल १९९१

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

भिंत फोडली, झरोका वर घेतला. भिकन रुसून पाचोऱ्याला बहिणीकडे जाऊन बसला होता. शेजारच्या धुरपदाकाकूंना पाठवून त्याला आणवावं लागलं. आता काम झालं. आबांनी सांगितलं होतं तसंच झालं. मी शिडीवरून चढून हात लावून पाहिला.

पण या सगळ्यात सोमवारी धोंडा लागला. सामान अजून पडवीतच आहे आणि मीही आत निजत नाही. आता आबांना अक्षय्य तृतीयेला, आखाजीलाच आण. सणाच्या दिवशी पूर्वजांची घागर आबांच्या हातून भरू आणि मग सगळे मिळून आत राहू. महिन्याभराची तर गोष्ट आहे. सांजोऱ्या मी करीन, लताला म्हणावं तू नुसती बस.

वाट बघते आहे, तेवढं ध्यानात असू दे.

तुझी अक्का

॥ श्री ॥
धुळे, दि. २६ एप्रिल १९९१

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

आबा दुसरं काही बोलत नाहीत. माले घर लई चाल, एवढंच. खाटेवर आडवं पडवत नाही, उशीवर टेकून बसतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण चेहऱ्यावरून मला काही बरं वाटलं नाही.

अक्का, घर काही परक्याचं नाही. त्यांचंच आहे, नुसतं डोक्यावरचं बदललं. धोंडा असला तर असू दे. तू हो म्हण, मी जीप करून घेऊन येतो. पडवीत नको, तिथे वारा नाही, त्यांना आतच ठेवायचं. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही, म्हणून विचारतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,

अभिमन

॥ श्री ॥
पिंपळगव्हाण, दि. ३० एप्रिल १९९१

चि. अभिमन यास आशीर्वाद.

नको. माझं लग्न झालं त्या वर्षी सासरच्यांनी हसण्यावारी नेऊन भर धोंड्यात नव्या घरात बिऱ्हाड हलवलं होतं. त्या दिवाळीला मी कपाळ पुसून परत आले. तू तेव्हा शाळेत होतास. लोक काय म्हणाले ते तुझ्या कानावर आलं नसेल, माझ्या आलं.

आबांच्या बाबतीत मला ते पुन्हा नको. थोडे दिवस राहिले आहेत. त्यांना सांग, अक्का म्हणते कळ काढा.

तुझी अक्का

॥ श्री ॥
धुळे, दि. १७ मे १९९१

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

तेराव्यानंतर मला लगेच निघावं लागलं. निवडणुकीच्या ट्रेनिंगला गैरहजर राहिलो असतो तर नोटीस आली असती. काल आखाजीला मी एका शाळेच्या बाकावर बसून मतपेट्या कशा सील करायच्या ते ऐकत होतो.

रागाने लिहितो आहे, लहान आहे म्हणून सोडून दे. आबा गेले ते इथे धुळ्यात, खाटेवर बसल्या बसल्या, दाराकडे तोंड करून. जीपमधून त्यांना ओट्यावर उतरवलं, तेव्हा आता तरी आत नेऊ दे असं मी म्हटलं. तू दारातून हलली नाहीस. आबा आपल्या घरी आले आणि बाहेरच्या बाहेर गेले. धोंडा पाळून आपल्याला काय मिळालं, ते मला सांग.

मी तुला विचारायलाच नको होतं. सरळ घेऊन यायला हवं होतं.

अभिमन

॥ श्री ॥
पिंपळगव्हाण, दि. २० मे १९९१

चि. अभिमन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी त्यावर भांडत नाही. दारात मी तुम्हाला अडवायला उभी नव्हते. मला आबा दिसले आणि माझे पाय उचललेच नाहीत. लोकांना वाटलं मी धोंडा पाळते आहे, तुलाही तसंच वाटलं.

आखाजीला मी आत गेले. पूजा नाही, वाजंत्री नाही. आबांनी ज्यांच्यासाठी घागर भरायची होती, त्यांच्या शेजारी आबांचीच घागर मांडली. तू नव्हतास म्हणून भाऊबंदांतल्या भटूला बोलावून त्याच्या हातून पाणी घातलं. वर डांगर आणि आंबे ठेवले. आबांना सांजोरी आवडायची, ती केली. करताना फार रडले.

मग चुलीतले निखारे मधल्या घरात आणून त्यांवर नैवेद्याचा घास, आगारी टाकली. तूप पडताच धूर झाला. आधीच्या घरात आगारीचा धूर संध्याकाळपर्यंत कोंडून राहायचा आणि आबा खोकत अंगणात जाऊन बसायचे, तुला आठवत असेल. मी सवयीने पदर तोंडाला लावला. धूर माळ्याच्या जिन्यातून वर गेला. मी मागोमाग चढून पाहिलं. मावळतीच्या झरोक्यातून वारा येत होता आणि सगळा धूर उगवतीच्या वरच्या झरोक्यातून बाहेर जात होता. बाहेर पत्र्यावर हात ठेववत नव्हता.

खाली येऊन आबांच्या खाटेच्या जागी बसले. दुपार कलेपर्यंत बसले. अभिमन, इथे आबांना दम लागला नसता.

खाट मी तिथेच टाकून ठेवली आहे. सुट्टी लागली की ये आणि तिच्यावर नीज. राग असला तरी तो घेऊन ये, इथे त्याला जागा आहे.

तुझी अक्का