पोथीजवळची माझी जागा

हैदराबाद,
आषाढ वद्य पंचमी, सन १९४१

तीर्थरूप आबा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून लिहितो. मी बरा हाय. खाजा मियांच्या दुकानात पुस्तकं शिवायचं काम करून राहिलो. खोकला कमी हाय. आधी दुपारच्या सुट्टीत पुस्तकं उघडून वाचायचो, कुठं काही सापडतं का बघायचो. आता नुसती शिवतो.

म्हस व्याली का? शालू पोटभर जेवते ना? तिला म्हणावं, आपल्या लेकीचं, येसूचं झबलं पेटीतच राहू दे.

गेल्या श्रावणात येसू तापानं गेली आन् आठ दिवसांनी आपण मारुतीच्या देवळात पोथीला बसलो. तुमी ओवी वाचली, देव लेकरांना सांभाळतो अशी. अर्थ सांगायचं काम माझं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ओवी सोपी होती आबा. शब्दांचा अर्थ मला येत होता, पण तोंडातून निघेना. मी उठलो तो इथवर आलो.

परवा आपल्या साखरा गावचा संतराम भेटला. म्हणला, एकादशीच्या पोथीला तुमी अजून दर ओवीनंतर थांबता, माझ्या जागेवर कोणाला बसू देत न्हाई. काहून आबा? मला अजून अर्थ सापडला न्हाई.

श्रावणात येतो. त्या जागेवर बसतो. तुमी ओवी वाचा, थांबा, पण मला काही विचारू नका. जरा वेळानं पुढची वाचा.

तुमचं लेकरू,
दगडोबा