इंचाचा बत्तिसावा भाग

मी, चेस्टर जोसेफ प्रुसाक, वय एक्याऐंशी, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, पूर्वीचा टूलरूम ग्राइंडर, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे, कारण उद्या कोण काय म्हणेल याचा मला अंदाज आहे. वकीलबाई मिसेस केस्टनर यांनी मसुदा टाइप करून दिला होता. पण टाइप केलेल्या कागदात एखादा शब्द बदलला तर माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या माणसाला कळायचे नाही. म्हणून सगळे स्वतःच्या हाताने लिहिले आहे. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. सही नसलेले पान माझे नाही.

सातव्या कलमात एका माणसाचे नाव येईल. त्याला मी अठ्ठावीस वर्षे चोर म्हणत आलो. ते कलम वाचल्याशिवाय माझे कार्डांचे लोखंडी कपाट कोणी उघडू नये.

कलम पहिले. याआधी मी तीन मृत्युपत्रे केली, ती रद्द. त्यातले एक सापडत नाही, म्हणजे ते कोणाकडे तरी आहे. ज्याच्याकडे असेल त्याने ते जाळावे.

कलम दुसरे. घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी मुलगी रेजिना हिला. हे मृत्युपत्र तिनेच अमलात आणावे. जावई ग्लेन वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ईस्टरच्या जेवणाला तो टेबलाखाली फोन धरून माझ्या कार्डांच्या किमती पाहत होता. मी विचारले तर म्हणाला, "सामन्याचा स्कोअर बघतोय, पपा." सामना संध्याकाळी होता.

कलम तिसरे. माझी हत्यारे ट्रेड स्कूलला द्यावीत. व्हर्नियर कॅलिपर त्याच्या लाकडी पेटीसकट द्यावा. अडतीस वर्षे त्याने मला एकदाही फसवले नाही. माणसांबद्दल असे लिहिता आले असते तर हा कागद एका पानात संपला असता.

कलम चौथे. ग्रेड मिळालेली बेसबॉल कार्डे एक्केचाळीस आहेत, सगळी ग्रेडसकट विकत घेतलेली. प्रत्येक कार्ड, ते तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत आहे, वर दहापैकी आकडा आणि नंबर आहे. नंबरांची यादी दोन ठिकाणी ठेवली आहे. दुसरे ठिकाण रेजिनाला तोंडी सांगितले आहे, इथे लिहीत नाही. विकायच्या वेळी प्रत्येक डबीची कड भिंगातून पाहावी. डबी उघडून आत हलके कार्ड घालून पुन्हा चिकटवणारे लोक आहेत, आणि ते फार गोड बोलतात.

कलम पाचवे. सुटी, म्हणजे ग्रेड न केलेली कार्डे सुमारे दोन हजार. ती रेजिनाने ठेवावीत किंवा वाटावीत. ती मी कंपनीकडे पाठवली नाहीत. अनोळखी माणूस अर्धा मिनिट पाहणार आणि आपल्या साठ वर्षांच्या जपणुकीला 'चार' म्हणणार, हे मला सोसत नाही.

कलम सहावे. शेजारच्या फिंकबाई दर शुक्रवारी चर्चमधला तळलेला मासा मला आणून देतात. त्यांना लोटीची, म्हणजे माझ्या दिवंगत बायकोची शिलाईची खुर्ची द्यायची होती. पण त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकीलबाई सांगतात. म्हणून खुर्ची मी कालच उचलून त्यांच्या ओसरीत ठेवली. त्यांच्या भावाने नेलेले माझे बर्फाचे फावडे मात्र परत आलेले नाही.

कलम सातवे. रॉय टेसमर या गोलंदाजाचे त्याच्या पहिल्या मोसमातले कार्ड.

ते मला १९५३ साली च्युइंगमच्या पाकिटात मिळाले. पाकिटात पाच कार्डे होती. टेसमर पुढे फार मोठा खेळाडू झाला, उरलेल्या चौघांची नावे त्यांच्या आयांनाही आठवत नसतील. टेसमर मी जपला. बाकीची चार सिगारच्या रिकाम्या खोक्यात टाकली.

१९९४ च्या ऑक्टोबरात लोटीचे पित्ताशयाचे ऑपरेशन होते. अर्विन ड्रेशर माझा तेव्हा तीस वर्षे जुना दोस्त. फायर हॉलमधल्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहातल्या, शनिवारच्या कार्ड बाजारात त्याचे टेबल असे. तो म्हणाला, "टेसमर दोन दिवस माझ्या काचेत ठेव. विकणार नाही, नुसता लोकांना जळवणार." मी दिला. सोमवारी त्याने परत आणून दिला. पुढच्या महिन्यात, लोटीच्या आग्रहाखातर, आयुष्यात पहिल्यांदा मी ते कार्ड ग्रेडला पाठवले. ते ग्रेडशिवाय परत आले. सोबत चिठ्ठी: कार्ड अस्सल, पण रुंदी किमान मापाहून कमी, आकडा देता येत नाही.

मी व्हर्नियर लावला. इंचाचा बत्तिसावा भाग कमी. झिजलेले कोपरे टोकदार दिसावेत म्हणून लोक कार्डाची कड कापतात, हे या नादातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी मी टेसमर कधी मोजला नव्हता. आपल्या लेकराची उंची कोणी परक्याच्या संशयाने मोजतो का? आणि त्याच हिवाळ्यात अर्विनचा स्वतःचा टेसमर सात ग्रेड घेऊन डबीत बसून आला. मी हिशोब जुळवला. त्याने आपला कापलेला टेसमर माझ्या गळ्यात मारला आणि माझा डबीत घातला.

पुढच्या शनिवारी भर बाजारात मी त्याला चोर म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "चेस्टर, घरी जा. लोटीकडे बघ." मला तो कबुलीजबाब वाटला. वर्षभरात त्याने टेबल बंद केले. तोही मी पुरावाच धरला.

या वर्षी एप्रिलमध्ये रेजिना या मृत्युपत्रासाठी यादी करायला बसली. सिगारचे खोके उघडून म्हणाली, "बाबा, हीसुद्धा लिहायची?"

"लिही. रद्दी म्हणून लिही."

"माप टाकू? बाकी सगळ्यांचं टाकलंय."

मी व्हर्नियर लावला. पहिले कार्ड बत्तिसाव्या भागाने कमी. दुसरे तेवढेच. चारही तेवढीच, आणि चौघांची उजवी कड टेसमरसारखीच खाली किंचित तिरकी. ज्याने अडतीस वर्षे पात्यांना धार लावली त्याला आणखी काय सांगायचे? पाचही एकाच पात्याखाली, चुकीच्या जागी बसवलेल्या टेकूला टेकून कापली गेली होती. छापखान्यात, १९५३ साली. टेसमर माझाच होता. पहिल्या दिवसापासून आखूड होता. पण किमतीचे तेवढेच मोजायचे, ही आम्हा लोकांची खोड. रद्दीला कोण व्हर्नियर लावतो?

म्हणून या कलमात मी आधी असे लिहिले होते: 'टेसमरचे कार्ड माझ्या मृत्यूनंतर अर्विन ड्रेशर याला द्यावे, आणि माझी चूक झाली असे कळवावे.'

रेजिनाने ते वाचले. "मेल्यावर माफी मागणार? अर्विनकाका त्र्याऐंशीचे आहेत, बाबा. तुमच्याआधी गेले तर कोणाला कळवू?"

गेल्या रविवारी तिने मला त्याच्या दारात सोडले. मी नको नको म्हणत होतो.

अर्विनने दार उघडले. "अठ्ठावीस वर्षांनी येतोस आणि तेही जेवायच्या वेळेला! मरायला टेकलास की काय?"

"मृत्युपत्र करतोय."

"म्हणजे टेकलास. बस. बटाट्याच्या पिरोगी केल्यात. बारा आहेत, मोजून घे. नंतर माझ्यावर आळ नको."

मी पाचही कार्डे टेबलावर ओळीने मांडली, व्हर्नियर शेजारी ठेवला. त्याने चष्मा लावून एकेक मोजले.

"छापखान्यातच आखूड," तो म्हणाला.

"पाचही."

"आणि तू मला सगळ्यांसमोर चोर म्हणालास. नंतर माझ्या टेबलाशी कोण थांबायचं, सांगू? कॉफीवाली बाई. तीसुद्धा सुटे पैसे मागायला."

मी लगेच माफी मागितली असे लिहिले तर ते खोटे होईल. माझी नजर आधी त्याच्या शोकेसकडे गेली. डबीतला सात ग्रेडचा टेसमर तिथेच होता. अर्विनला ते दिसले.

"अजून शंका आहे ना लेका? मोजायचाय तो?"

"डबीत मोजता येत नाही."

तो उठला, स्वयंपाकघरातून पक्कड आणली आणि डबीच्या कोपऱ्याला लावली. "फोडतो. घे माप."

"वेडा आहेस का? डबी फुटली की ग्रेड गेली."

"जाऊ दे. तुझं समाधान होऊ दे एकदाचं."

प्लॅस्टिक करकरले. माप घेऊन काय होणार होते? पूर्ण भरले असते तरी मी घरी जाऊन दुसरी शंका काढली असती. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी त्याचा हात धरला. "ठेव ती पक्कड. चूक माझी होती, अर्विन. सगळी माझीच."

त्याने पक्कड बाजूला ठेवली. मग पिरोगी गरम करायला गेला.

जेवल्यावर मी त्याला हे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, "कार्ड घेतलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने शेवटी मिळवलंच. मला नको. साक्षीला कोण आहे?"

"फिंकबाई. दुसरं कोणी मिळालं नाही."

"मिळणार कसं? तू कोणाला शिल्लक ठेवलंस? मला घे."

"साक्षीदाराला काही देता येत नाही. कार्ड तरी, नाही तर सही तरी. नीट विचार कर."

"विचार तू पुष्कळ केलास, माझ्याही वाटचा. सही करतो."

सबब सातवे कलम बदलून असे: टेसमर आणि उरलेली चार कार्डे रेजिनाला. पाचांची ताटातूट करू नये. टेसमर पुन्हा ग्रेडला पाठवू नये. अर्विन ड्रेशर याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि ते त्याच्याच इच्छेने.

कलम आठवे. सातवे कलम वाचायला माझ्या मृत्यूची वाट पाहायची नाही. येत्या शनिवारी फायर हॉलमध्ये मी ते स्वतः उभा राहून वाचणार आहे. मी अर्विनला चोर म्हणालो त्या दिवशी ऐकणाऱ्यांपैकी थोडेच उरले असतील. जे असतील त्यांच्यासमोर. माझा आवाज बसला तर पुढे रेजिनाने वाचावे. ग्लेनने नव्हे.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि सही केली.

ठिकाण: ईरी, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: १२ मे २०२२
(सही) चेस्टर जोसेफ प्रुसाक

साक्षीदार:

१. डोलोरेस फिंक, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. फावड्याबद्दल भावाला विचारते.

२. अर्विन ड्रेशर, वय त्र्याऐंशी. चेस्टरने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. पेन माझे होते. सही झाल्यावर त्याने ते परत दिले.